वारा कोणी खायचा

आता तुम्हीच सांगा, साल दोन हजार अठरा, फेब्रुवारी संपत आलेला, थंडी गेलेली, ऊन अजून तापायचं होतं, अशा वेळी चौसष्ट वर्षांच्या पैलवानाला कोणी सायकल चालवायला सांगतं का? मला सांगितलं. हाडांच्या डॉक्टरनं. गुडघा दाबून बघितला आणि म्हणाला, "पैलवान, कुस्ती बंद. पोरांना डाव दाखवणंही बंद. सायकल चालवा." मी म्हटलं, "सायकल दूधवाला चालवतो." तो म्हणाला, "मग त्याचे गुडघे बघा आणि तुमचे बघा."

चाळीस वर्षं कुस्ती खेळलो, माझ्या गुडघ्यांची बरोबरी कोणी दूधवाल्याशी केली नव्हती. आखाड्यात असं नव्हतं, तुम्हाला सांगतो.

दुकानात गेलो, तर दुकानदार एका बोटावर सायकल उचलून म्हणतो, "काका, फक्त आठ किलो." मी म्हटलं, "आणि बाकीची कुठंय?" तर म्हणे, जितकी हलकी तितकी भारी किंमत. आमच्यात जितका जड तितका मान. असो. घेतली. वर ती चड्डी, बुडाला गादी शिवलेली... आमच्या गल्लीतला शिंपी, माझ्याच वयाचा, स्वतः तिशीपासून शर्यती खेळतो, त्यानं माझ्या मांड्यांचं माप घेतलं, टेप पुन्हा लावून बघितला आणि विचारलं, "पैलवान, एका पायाची शिवू की दोन्ही?"

सायकल ठेवली बैठकीत. आमच्या हिचा पदर दिवसातून चारदा हँडलला अडकायचा. शेवटी ती म्हणाली, "शिंप्याच्या नादानं शर्यत खेळायची आहे ना? खेळा. तीन शर्यती. पदक आणलंत तर ही इथं राहील. नाही आणलंत तर जावयाला द्यायची, त्याचं पोट सुटलंय." मी शब्द दिला. एव्हाना सायकल मला आवडायला लागली होती, पण असलं घरात बोलून दाखवायचं नसतं.

पहिली शर्यत. साठीच्या पुढचे चौदा जण. आता कुस्ती लावण्याआधी समोरच्याशी हात मिळवतात, ही आमची रीत. म्हणून मी एका टोकापासून सगळ्यांशी हात मिळवत निघालो. सातव्याचा हात हातात होता तेवढ्यात शिट्टी झाली, आणि तो सातवा कळवळून म्हणतो, "अहो, सोडा हो हात." सोडला. निघालो. ताकद होती, पाच किलोमीटरात सगळ्यांच्या पुढे. मागे बघतो तर सगळे माझ्या पाठीला चिकटलेले. पैलवानाच्या पाठीशी माणूस आला म्हणजे तो कमरेला मिठी घालणार, हे अंगात मुरलेलं. मी वळून बघायचो, ते तिथंच. पुन्हा वळायचो, ते तिथंच. पाचव्यांदा वळलो तेव्हा रस्ताही वळला होता. गवतात गेलो.

शिंपी नंतर म्हणाला, "ते तुम्हाला पाडायला नव्हते आले, पैलवान. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरानं चालवायचं, वारा तो खातो, आपले पाय वाचतात. मग आपण पुढे जायचं, वारा आपण खायचा. पाळीपाळीनं."

"म्हणजे दुसऱ्याच्या पाठीमागे लपायचं?"

"लपायचं कुठं? उसनं घ्यायचं."

मी म्हटलं, उसनं आपण घेत नाही. आखाड्यात असं नव्हतं.

दुसऱ्या शर्यतीत पुन्हा पुढे, एकटा, सगळा वारा छातीवर. तिसाव्या किलोमीटरला पाय संपले. एकेक जण पुढे जाताना म्हणतो, "चालू द्या, पैलवान," "सावकाश, पैलवान," एक तर म्हणाला, "हात मिळवायचा का?" तेवढा शिंपी मंद झाला.

"मागं या."

"नको."

"मागं या म्हटलं ना. पंधरा किलोमीटर आहेत अजून, चालत जाणार?"

गेलो मागे. पंधरा किलोमीटर त्या वाळक्या माणसाची पाठ बघत आलो, आणि त्यानं एकदाही पाळी मागितली नाही. दरवर्षी पहिल्या पाचात येणारा माणूस त्या दिवशी अकरावा आला. बारावा मी. म्हटलं, "याची परतफेड करीन." तर म्हणतो, "राहू द्या हो." राहू द्या? अपमान म्हणतात तो यालाच. त्यापेक्षा गवत बरं.

तिसरी शर्यत. शेवटची. या वेळी शहाण्यासारखा पाळीपाळीनं चालवत होतो. शेवटचे पाच किलोमीटर नदीवरच्या पुलापासून, आणि वारा समोरून. दोघं केव्हाच निघून गेले होते. राहिलं तिसरं पदक, आणि त्याला आम्ही दोघं, शिंपी आणि मी. शिंपी पुढे होता. पुलावर चढलो आणि त्याचे खांदे हलायला लागले. तोच म्हणाला, "जा, पैलवान. माझं संपलं."

मी पुढे गेलो. पायात जोर होता. नुसतं निघून जायचं होतं, की पदक आलं, सायकल राहिली. मान वळवून बघितलं, तर तो वाऱ्यात एकटा, डोकं खाली.

मंद झालो. "मागं या."

"नको."

"मागं या म्हटलं ना."

आला. पाच किलोमीटर त्याला पाठीशी घेऊन गेलो, पाळी मागितली नाही. शेवटची रेघ दिसायला लागली आणि हे महाशय बाजूनं सटकन निघाले, इकडे बघितलंसुद्धा नाही. चाकाच्या अंतरानं तिसरे. आता म्हणाल, काय माणूस आहे? शर्यतवाला आहे. रेघ दिसल्यावर आभार मानत बसेल तो शिंपी कसला. मीही बसलो नसतो.

घरी आलो. ही दारातच.

"पदक?"

"शिंप्याकडे."

"तुम्ही पुढे होतात म्हणे पुलावर. शिंपीणबाईंचा फोन आला होता."

"होतो."

ती सायकलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "जावयाला आज नाही, पुढच्या महिन्यात कळवते."

"आजच कळव. शब्द दिलाय."

"आणि शिंप्याचं ते देणं?"

"फिटलं."