काजूच्या वळणावरची पाखाडी

नको — काका, हात नका जोडू, आधी बसा बघू खाली. तुम्ही चिमाचे वडील, वयाने माझ्या बाबांएवढे, आणि माझ्यापुढे हात कसले जोडता? पाणी घ्या. पाखाडी चढून आलात ना, दम लागला असेल. खाली स्टॉपवर कोणालाही विचारलं तरी तीच वाट दाखवतात, रस्त्याने जा म्हणून कोणी सांगत नाही. दोनशे बारा पायऱ्या आहेत. मला कसं माहीत? मोजल्यात, म्हणून माहीत. ते जाऊ दे. पिशवीत काय आणलंत? कणगरं? माझ्यासाठी? — नाही, आवडतात, हे कंद उकडून मीठ लावून खूप आवडतात, पण मी नाही घेणार. आई घरात असती तर तिने घेतली असती आणि परत जाताना तुमच्या पिशवीत दोन नारळ घातले असते, तिला हे सगळं जमतं. मला नाही जमत. राहू दे तिथेच, दाराशी. जाताना हाताला लागेल अशी.

आता मला नीट समजू दे. तुम्ही लांज्याच्या पलीकडून, दोन एसट्या बदलून, कामाचा दिवस मोडून इथे आलात ते माझी माफी मागायला? चिमा गावभर सांगत सुटलीय की रविवारच्या शर्यतीत तिला कोणी मागे टाकलंच नाही. वरच्या टोकाला वळसा घातला तेव्हा ती पहिली होती, परतताना एकही मुलगी तिच्या बाजूने पुढे गेली नाही, आणि तरी काजूच्या वळणाखाली येऊन बघते तर मी पुढे. हेच म्हणते ना ती? आणि हे ऐकून तुम्हाला लाज वाटली. शिकलेल्या मुलीवर आपली पोर आळ घेते म्हणून. — बरोबर ना? म्हणजे काय आहे काका, तुम्ही मोठी माणसं ना, एकजात सारखी! पोटची मुलगी सांगते ते खोटं, आणि जिला आयुष्यात एकदा लांबून बघितलंत ती खरी, का — तर ती एमेस्सी करते. एमेस्सी करणारी माणसं काय खोटं बोलत नाहीत? आमच्या डिपार्टमेंटला या एकदा. जर्नल बघा आमची. अर्धी रीडिंगं घरी बसून लिहिलेली असतात. चिमा शेवटी दमली, तिला दिसलं नाही, असंच ठरवलंत ना सगळ्यांनी? मला धावायला शिकवणारे सरही तेच म्हणाले, माइकवरचा तो निवेदकही तेच म्हणाला. कोणी तिला विचारलं का, बाई, तू नक्की काय बघितलंस? विचारायचं नसतं. तुमच्यात विचारायची पद्धतच नाही. निकाल आधी लावायचा आणि मग —

मग काय केलंत? — खाली नका बघू काका. मारलंत का तिला? ... कशाने? ... शिपटीने. कुठे?

पायांवर. पायांवर मारलंत? अहो, धावणाऱ्या मुलीच्या पायांवर? —

नाही. मी नाही ओरडत. मी कशाला ओरडू तुमच्यावर. बसा. उठू नका. मी चहा ठेवते — नको? बरं. मीच बसते.

आत्माराम सर माहीत आहेत ना तुम्हाला, त्या दिवशी पांढरी टोपी घालून स्टॉपवॉच घेऊन उभे होते ते? शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर. आठवीपासून मला तेच शिकवतात. आता त्यांचे गुडघे गेलेत, घाटीचा चढ चढवत नाही, म्हणून ते खाली मैदानाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. मी सकाळी खाली जायचं, त्यांच्यासमोर सुरुवात करायची, रस्त्याने वर सड्याच्या पठारावर यायचं, टोक गाठायचं आणि पुन्हा खाली. बारा किलोमीटर. ते वहीत वेळ लिहितात. रोज. आठ वर्षं. ग्रॅज्युएट होईपर्यंत काही अडलं नाही, कॉलेज अकराला असायचं. पण ऑगस्टात एमेस्सीला गेले आणि प्रॅक्टिकल आठला सुरू. आठ म्हणजे आठ — सव्वाआठला आमच्या विभागप्रमुख मॅडम दार लावून घेतात. बारापर्यंत उभं राहायचं, मग लेक्चरं, मग लायब्ररी, घरी येऊन जर्नल. मी सरांना म्हटलं, आठ किलोमीटर करूया का आता? ते म्हणाले, आठ करणारी मुलगी घरी पोळ्या लाटायला बरी. मॅडमना म्हटलं, थोडं उशिरा आलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, एमेस्सी म्हणजे फावल्या वेळातली गोष्ट नव्हे, ठरव तुला काय व्हायचंय ते. दोघांनाही साठ वर्षांत एकच गोष्ट करायची होती, म्हणून माझीही एकच असायला पाहिजे! मला राग यायचा. मला वाटायचं, दाखवते यांना. दोन्ही करून दाखवते.

आणि कसं केलं सांगू? तुम्ही ज्या वाटेने वर आलात ना, तसं. काजूच्या वळणापाशी रस्ता सोडायचा, पाखाडी उतरायची आणि खालच्या मोरीजवळ, ओढ्यावरच्या त्या छोट्या पुलापाशी, पुन्हा रस्त्याला लागायचं. रस्ता डोंगराला मोठा वळसा घालून तिथेच येतो. पाऊण किलोमीटर वाचतं. पहिल्या दिवशी खरंच उशीर झाला होता म्हणून. पाऊस होता, पायऱ्यांवर शेवाळ, निम्म्यावर घसरले आणि गुडघा फुटला. सर म्हणाले, कुठे पडलीस? मी म्हटलं, रस्त्यावर खडी होती. त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसलं हो ते रक्त. खाली वाकता येत नाही त्यांना, तरी वाकून. आणि मग वही बघून म्हणाले, ऋजुता, पडूनसुद्धा चार मिनिटं कमी! — त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

दुसऱ्या दिवशी रस्त्याने आले असते तर वेळ वाढली असती. मग पुन्हा पाखाडी. मग रोज. तिकडे मॅडमना सांगायचं, प्रॅक्टिस होती, आणि प्रयोग अर्धा टाकून निघायचं. पदार्थ नीट वाळायच्या आधीच त्याचं वजन लिहायचं, म्हणजे लिहायचं काय, शेजारणीचं बघून ठोकायचं. इकडे सरांना सांगायचं, प्रॅक्टिकल आहे. दोन्हीकडे अर्धी अर्धी मुलगी पाठवत होते मी, आणि दोघांनाही वाटायचं पूर्ण आलीय. सर येईल त्या माणसाला वही दाखवायचे. एमेस्सी करून हा टाइम! — असं म्हणायचे. पोस्टमनलासुद्धा.

मग मॅडमनी नोव्हेंबरात बोलावलं. हजेरी कमी भरत होती. म्हणाल्या, जिल्ह्यातून निवड झाली तर खेळाडू म्हणून सूट देते, नाही झाली तर परीक्षेच्या फॉर्मवर सही करणार नाही. मुलींतून एकच नाव राज्याला जाणार. एकच. म्हणजे रविवारी हरले तर सगळंच गेलं, धावणंही आणि वर्षही. — नाही, नाही, मला ठाऊक आहे तुम्ही काही विचारलं नाहीत. मीच सांगतेय.

तर रविवारी चिमा पुढे होती. ती बरोबर सांगते. वरच्या टोकाला वळताना तिच्या मनगटावर वळल्याची खूण म्हणून रबरबँड चढवला तेव्हा मी शंभर पावलं मागे होते. तिचे ते कॅनव्हासचे बूट, एकाला सुतळी बांधलेली — ती काय पळते काका! तुम्ही तिला कधी पळताना बघितलंय का? मागून? मी बघत होते. खांदे हलत नाहीत तिचे. डोक्यावर हंडा ठेवला तरी पाणी सांडणार नाही. आणि माझ्या पोटात कळ येत होती, कारण चार महिने मी वळशाचा तुकडा धावलेच नव्हते, माझ्या पायांना तो ठाऊकच नव्हता. वळण आलं. चिमा रस्त्याने पुढे जाऊन दिसेनाशी झाली. तिथे उभा राहायचा कार्यकर्ता पाण्याची पिंपं घेऊन वर गेला होता, जाताना तो मला दिसला होता. मागे कोणी नव्हतं. पाय आपोआप वळले —

नाही, खोटं आहे हे. तीन दिवस मी स्वतःला हेच सांगतेय, पाय आपोआप वळले, सवय होती, कळलंच नाही. कळलं होतं. पहिल्या पायरीवर मी थांबले. थांबले काका, एक श्वास घेण्याएवढी. मागे वळून रस्त्याकडे बघितलं. आणि मग उतरले.

निम्म्यावर सावित्रीआजी भेटली, आमच्या शेजारची, डोक्यावर गवताचा भारा. रोजच भेटते. तिला शर्यत काय ठाऊक. ती भिंतीला चिकटून बाजूला झाली, मला वाट दिली आणि म्हणाली, धाव गो बाय, धाव, सांभाळून. तिचा आवाज जात नाही कानातून.

मोरीपाशी रस्त्याला लागले तेव्हा चिमा अजून वळशात होती. मी फीत तोडली. सर रडले. आणि मग ती आली, धापा टाकत, आणि सरळ म्हणाली, ही माझ्यामागे होती, माझ्या पुढे कोणी गेलंच नाही. सगळे हसले. आता सांगते ते ऐका, कारण बाकीचं एक वेळ माफ होईल, हे होणार नाही. मी तिच्याजवळ गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि अगदी मोठ्या बहिणीसारखं म्हटलं, होतं गं असं, दमल्यावर कोण पुढे गेलं ते कळत नाही. मलाही पहिल्या वर्षी व्हायचं. — असं म्हटलं मी. गोड आवाजात. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर काय आलं माहितीय? शंका. माझ्याबद्दल नाही. स्वतःबद्दल. क्षणभर तिला वाटलं, खरंच आपलंच चुकलं असेल.

घरी येईपर्यंत ती त्यातून सावरली असणार. चांगली मुलगी आहे. पुन्हा म्हणाली ना, कोणी गेलं नाही म्हणून? आणि मग तुम्ही माझंच वाक्य तिला ऐकवलंत — ऐकवलंत ना? — आणि शिपटी घेतलीत.

शिवी द्या. तुमच्याकडच्या शिव्या चांगल्या असतात म्हणे. असे बघू नका माझ्याकडे. पिशवीकडेही नका बघू.

हे बघा — थांबा. राज्याला जाणाऱ्या नावांची यादी आज पाच वाजता फॅक्सने जाणार आहे. खाली, मैदानाशेजारच्या ऑफिसातून, सर स्वतः नेऊन देणार आहेत. अजून गेलेली नाही. सव्वाचार झालेत. मी लिहून देते. हा कागद — जर्नलचाच आहे, मागच्या बाजूला काही नाही. ‘मी काजूच्या वळणापासून मोरीपर्यंत रस्ता सोडून पाखाडीने उतरले. पहिला क्रमांक चिमा केरू...’ आडनाव काय लावता तुम्ही? बरं. ‘...हिचा आहे.’ सही. तारीख. घ्या. नेऊन द्या सरांना.

घ्या ना.

हात मागे का घेतलात? वाचता येत नाही म्हणून? मी वाचून दाखवते — येतं? मग? ... हो. हो, बरोबर आहे. तुम्ही नेलात तर म्हणतील, बापाने पोरीला धमकावून लिहून घेतलं. आणि सर तर म्हणणारच, ऋजुताला अभ्यासाचा ताण आलाय. माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ते मानायचे नाहीत. ऐकूनसुद्धा मानायचे नाहीत. ती वही घेऊन बसतील मांडीवर. चार महिन्यांची वही, काका. त्यांना ते एकेक पान मीच सांगायला पाहिजे, हे खोटं, हेही खोटं. आणि उद्या आठ वाजता मॅडमना. सव्वाआठला नाही, आठला.

मला वाटलं होतं कागदावर भागेल.

चला, उठा. पिशवी घ्या तुमची. घ्या म्हटलं ना, कणगरं घरी न्या, उकडा आणि तिला द्या. माझ्या वतीने नको, माझं नावही काढू नका. तुमच्या हाताने द्या. आणि तिच्या पायांना तेल लावा. लाज कसली त्यात? माझ्याएवढी तर नाही ना.

मी बूट घालते. ऑफिस इथून रस्त्याने साडेचार किलोमीटर. बावीस मिनिटं लागतील, कदाचित पंचवीस, वळशाचा तुकडा अजून माझ्या पायांत नाहीये. पोचेन. वेळेत नाही पोचले तर ऑफिसचं दार वाजवीन.

नाही, माझ्याबरोबर नका येऊ. तुम्ही जा पाखाडीने, तुम्हाला तीच वाट जवळची. मी रस्त्याने जाते. जा तुम्ही काका.