पाताळगाडीचा तिसरा फेरा

पोलीस ठाणे, नाशिक. दिनांक १५ मे १९८४, मंगळवार, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

नाव धोंडाबाई बुधाजी पगारे. वय अंदाजे ६०, जन्माचा दाखला नाही. धंदा विड्या वळणे. शिक्षण दुसरी, सहीपुरते. राहणार पंचशील वसाहत, नाशिक. मूळ गाव सिन्नर तालुक्यात.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझा मुलगा निवृत्ती, सून मंगलाबाई व त्यांची मुलगी झुंबर यांच्यासह राहते. निवृत्ती महानगरपालिकेत नळ खात्यात कामाला आहे. झुंबर त्यांची एकुलती. वय चौदा. जूनमध्ये नववीत जाणार होती. जबाब लिहून घेणारे देवराम हवालदार तिला 'मयत' असे लिहीत आहेत. त्यांना लिहू द्या. मी सांगताना झुंबरच म्हणणार.

गुरुवारी १० तारखेला पंचवटीच्या बाजूला मैदानात आनंदमेळा लागला. मोठा पाळणा, बंदुकीने फुगे फोडणे वगैरे नेहमीचे होते, तेवढ्यासाठी मी विड्या सोडून उठले नसते. या खेपेला पत्र्याची लांब शेड उभी होती व तिच्यावर 'पाताळगाडी' असे रंगवले होते. आत रूळ आहेत. रुळावर सहा डबे, डब्यात दोन माणसे. मांडीवर आडवी लोखंडी सळई येते, तिला खिळी लावतात. साखळी गाडीला वर ओढून नेते आणि सोडून देते. मग ती आपल्याच वजनाने खाली जाते, वळते, परत चढते. हे सगळे अंधारात. बाहेर उभ्या माणसाला काही दिसत नाही, पत्र्यातून नुसते ऐकू येते. शेडचे मालक जयराम शेठ. गाडी चालू करायच्या दांड्यावर भिकन नावाचा मालेगावकडचा माणूस बसतो. तो दाराच्या बाहेर बसतो. आतले त्यालाही दिसत नाही.

पहिल्याच दिवशी मी बसले. हवालदार विचारतात, या वयात कशाला. चाळीस वर्षे मांडीवर सूप घेऊन मी एका जागी बसले आहे. गाडी वरून सुटली तेव्हा पोट मागे राहिले आणि मी पुढे गेले. मी ओरडले. नवरा गेला तेव्हासुद्धा मला इतके मोकळे ओरडता आले नव्हते, दोन्ही बाजूंनी बायका धरून बसल्या होत्या. बाहेर आले तरी तोंड हसत होते. घरी जाऊन मी वसाहतीतल्या बायकांना सांगितले की एकदा बसून या, मग मरायला मोकळ्या. हे माझे शब्द आहेत.

शुक्रवारी आणि शनिवारीही मी गेले. रांगेत तीच ती माणसे येत होती. भाजीबाजारातला एक हमाल सात वेळा बसला होता व आठव्यांदा उभा होता. कॉलेजची पोरे पुढचा डबा चांगला की मागचा, यावर हमरीतुमरीवर आली होती. मी म्हटले, "पुढं बसून काय रूळ मोजायचेत? शेवटच्या डब्यात बसा. झटका तिथं बसतो." ती बसून आली व मला मानायला लागली. त्यातला एक म्हणाला, "आजी, तुम्ही मास्तरीण होता का?" मी म्हटले, "असते तर तुझा बाप पास झाला असता." भिकनही हसला. तेव्हापासून तो मला ओळखतो.

या शेडची एक पद्धत आहे, ती नीट लिहून घ्यावी. कर्ण्यावरून सारखे सांगतात की, ज्या गाडीचा ओरडा मोठा, तिला वरचा, म्हणजे जादा, फेरा फुकट. भिकन कानामागे हात धरून ऐकतो. ओरडा मोठा आला की गाडी खाली येऊन थांबायच्या आत तो दांडा पुन्हा ओढतो व साखळी तिला परत वर नेते. म्हणून बसणारे सगळे ओरडतात. "मेलो, मेलो", "थांबवा", "उतरवा", तोंडाला येईल ते. मीही गुरुवारी "थांबवा" असेच ओरडले होते. मला वरचा फेरा मिळाला होता.

एका फेऱ्याला तीन विड्या लागतात. हवालदार म्हणाले, विड्या चालणार नाहीत, मिनिटे सांगा. मला घड्याळातली मिनिटे कळत नाहीत, पण माझे हात चुकत नाहीत. त्यांनी मनगटावरचे घड्याळ धरले व मी पान-तंबाखू नसताना नुसत्या बोटांनी तीन विड्या वळून दाखवल्या. त्यांनी एक मिनिट दहा सेकंद असे लिहिले.

रविवारी १३ तारखेला झुंबरला यायचे नव्हते. ती म्हणाली, "आजी, मला गरगरतं. मी खाली उभी राहते, तू बस." निवृत्ती म्हणाला, "आई, तिला नको नेऊस. तुझी हौस तुझ्यापाशी ठेव." मी त्याला म्हटले, "तू तिला कापसात गुंडाळून ठेव. लग्न झालं की सासरचे कापूसच काढून घेतील." मी पोरीची वेणी घातली, लाल रिबीन बांधली व तिला घेऊन निघाले. शेजारची कुसाबाई सोबत होती.

सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास आमचा नंबर लागला. डब्यात दोघीच बसतात म्हणून मी मागे राहिले. कुसाबाई म्हणाली, "धोंडाबाई, तुम्हीच बसा पोरीसंगं, माझं काय हाय त्यात?" मी म्हटले, "मी रोजच बसते. आज मला बाहेरून ऐकायचंय." मी स्वतः त्या दोघींना शेवटच्या डब्यात बसवले. झुंबरला सांगितले की, लाजू नकोस, ओरड, ओरडल्यावर बरे वाटते. खिळी शेडच्या माणसाने लावली. मी ती ओढून पाहिली नाही.

मग मी बाहेर येऊन भिकनच्या शेजारी उभी राहिले.

पहिल्या फेऱ्यात झुंबरचा आवाज आला नाही. बाकीच्यांनी ओरडा केला म्हणून कर्ण्यावर "वरचा फेरा" असे पुकारले. दुसरा फेरा सुरू झाला. कुसाबाईने मला नंतर सांगितले की, दुसऱ्या फेऱ्यात पहिल्या उतारालाच खिळी निघून पडली व सळई वर उचलली गेली. तेव्हा दोघी ओरडू लागल्या. "थांबवा, थांबवा, सळई सुटली" असे ओरडल्या. मला बाहेर "थांबवा" एवढे ऐकू आले. पुढचे चाकांच्या आवाजात कळले नाही. त्यात झुंबरचा आवाज मी ओळखला. मी रांगेतल्या लोकांना म्हटले, "ऐका, ती माझी नात." लोक हसले. हमालाने टाळी वाजवली.

गाडी खाली येत होती. भिकनने दांड्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "आजी, तुनी नात शे का? मंग आखो एक?"

मी म्हटले, "दे. दे अजून एक. आज पहिल्यांदा तोंड उघडलंय पोरीनं."

त्याने दांडा ओढला. हा तिसरा फेरा.

माझी रिकामी बोटे सवयीने विड्या वळत होती. पहिली विडी झाली. दुसरी अर्धी झाली असताना झुंबरचा आवाज बंद झाला. बाकीचे ओरडत होते. मला वाटले, दमली. मी तिसरी विडीसुद्धा पुरी केली.

गाडी आली तेव्हा शेवटच्या डब्यात कुसाबाई एकटी होती. तिच्या मुठीत लाल रिबीन होती. तिला मूठ उघडता येत नव्हती. आत कोणी दिवा लावला, कोणी उचलले, रिक्षा कोणी बोलावली, हे मला सांगता येणार नाही. मी रिक्षात बसले होते व झुंबरचे डोके माझ्या मांडीवर होते, एवढे माहीत आहे. सिव्हिलमध्ये सोमवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी जे झाले, त्याचा कागद डॉक्टरांनी तुम्हाला दिला आहे. हवालदार म्हणतात, तुमच्या तोंडून पाहिजे. कागदावर आहे तेवढे पुरे.

काल सोमवारी सगळे उरकून लोक गेल्यावर, सायंकाळी जयराम शेठ वसाहतीत आले. निवृत्ती आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. शेठ ओट्यावर बसले व हळू आवाजात म्हणाले, "आजी, झालं ते वाईट झालं. एकच फेरा झाला आणि पोरीनं गमतीत खिळी काढली, असं सांगा. कुसाबाईला काय, अंधारात काही दिसलं नाही. मग तुम्ही भिकनला काय म्हणालात ते भिकनही विसरेल. घरातल्यांना कळायचं कारण नाही." मी म्हटले, "भिकन विसरेल, शेठ. माझं काय करता?" त्यावर ते उठले. चहा तसाच ठेवून गेले.

झुंबरने खिळी काढलेली नाही. ती अंधारात घरातल्या पेटीलाही हात लावत नसे, काहीतरी चावेल म्हणून.

आज इकडे येताना मी मेळ्यावरून आले. शेड चालू आहे. सळयांना खिळीच्या जागी तार गुंडाळली आहे. रांग रविवारपेक्षा लांब आहे. एकजण दुसऱ्याला बोटाने दाखवत होता, "हीच ती गाडी." दोघेही रांगेत उभे राहिले. आतून "थांबवा, थांबवा" ऐकू येत होते. मी दारापाशी जाऊन "थांबवा" म्हटले. कर्णा चालू होता. कोणी माझ्याकडे वळून पाहिले नाही. शेड बंद होणार का, असे मी हवालदारांना विचारले. ते म्हणाले, ते साहेब बघतील.

आणखी एक दुरुस्ती लिहायची आहे. रविवारी सिव्हिलच्या व्हरांड्यात निवृत्तीने मला विचारले होते, "आई, तू कुठं होतीस?" मी त्याला, पाण्याच्या माठापाशी होते, असे सांगितले. ते खोटे आहे. मी दांड्यापासून दोन हातांवर होते.

येथे हवालदारांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "आजी, हे नको लिहायला. केस शेठवर आहे. तुम्ही फुकट कशाला अंगावर घेता? तुमचं वय बघा." मी म्हटले, "तिसरा फेरा कुणी दिला असं विचारलं तर काय सांगाल? भिकनने आपल्या मनानं दिला म्हणाल? त्यानं मला विचारलं होतं. पेन उचला, दादा." त्यांनी उचलले.

माझी तक्रार कोणाविरुद्ध आहे असे विचारल्यावरून सांगते की, खिळी नीट नव्हती, याला जयराम शेठ जबाबदार आहेत. ओरड्यावर गाडी सोडायची पद्धत त्यांचीच. भिकनने आत न बघता दांडा ओढला. आणि ओढ असे त्याला मी सांगितले. यातले कोणाचे किती, ते साहेबांनी ठरवावे. माझे कमी करू नये.

हा जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. वाचण्याआधी मी खोलीचे दार उघडे ठेवायला लावले. बाहेरच्या बाकावर मला घ्यायला आलेला निवृत्ती बसला होता. तोंडाने मला त्याला सांगता आले नसते. हवालदार हळू वाचत होते, मी मोठ्याने वाचायला लावले. मी सांगितले तसेच उतरले आहे, कमीजास्त काही नाही. वाचन तिसऱ्या फेऱ्यापाशी आले तेव्हा बाहेर बाक सरकल्याचा आवाज आला. वाचून संपल्यावर मी दारात जाऊन पाहिले. माझ्यासाठी आणलेला चहाचा ग्लास बाकावर होता, त्यावर बशी झाकलेली होती. निवृत्ती नव्हता. हेही लिहा म्हटले, ते लिहिले आहे.

सही करते.

धोंडाबाई बुधाजी पगारे