शिडीची एकशे अठरा कार्डं

नाव : ओळखपत्राप्रमाणे नोंदवहीत लिहिले आहे. मैदानावर सगळे मावशी म्हणतात.
वय : ५४ वर्षे
व्यवसाय : फुटबॉल क्लबमध्ये खेळाडूंचे कपडे धुणे, सुकवणे, शिवणे
राहणार : मैदानामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली

मी आज रविवारी सायंकाळी सात वाजता स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात आले आहे, मला कोणी धरून आणलेले नाही, हे आधी लिहून घ्यावे. क्लबच्या व्यवस्थापकांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. त्यावर विचारल्यावरून समक्ष सांगते की, व्यवस्थापकांना मी कोंडले. एक तास पस्तीस मिनिटे कोंडले. चुकून कडी लागली असे सांगा, म्हणजे प्रकरण मिटेल, असे क्लबच्या लेखनिकाने मला सुचवले होते. ती कडी चुकून लागत नाही. ती दोन्ही हातांनी ओढावी लागते, आणि मी ती ओढली.

माझ्या घरी मी व माझी मुलगी अशा दोघीच राहतो. नवरा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेला, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही आणि आमच्याशीही नाही. मुलगी वय २९, क्लबच्या महिला संघाची गोलरक्षक आहे. नऊ वर्षे तीच गोलात उभी राहते. चेंडू एकदा हाताला लागला की सुटत नाही म्हणून लोक तिला घोरपड म्हणतात. नाव काही फार देखणे नाही, पण म्हणणारे प्रेमाने म्हणतात.

मी चोवीस वर्षे या क्लबचे कपडे धुते. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली धुलाईची खोली आहे आणि तिला लागून वाळवणीची खोली आहे. वाळवणीच्या खोलीत गरम हवेचा पंखा असून त्याच्या जोराने दार उघडते, म्हणून कडी बाहेरून आहे. आत फोनला रेंज येत नाही. हे तेथे काम करणाऱ्या सर्वांना माहीत आहे. व्यवस्थापकांना माहीत नव्हते, कारण दीड वर्षात ते तेथे आजच प्रथम आले.

व्यवस्थापक मागच्या हंगामाच्या आधी आले. पूर्वी ते काय विकत होते मला ठाऊक नाही, पण जात विकणाऱ्याची. त्यांनी क्लबच्या नावाचा एक मोबाईल गेम आणला. गेम फुकट आहे, असा फलक प्रवेशद्वारावर लावला आहे. त्यात फुकट काय आहे ते सांगते. उघडणे फुकट आहे. पुढे खेळाडूला चांगले बूट हवे असल्यास वेगळे पैसे, मैदानावर दिवे हवे असल्यास वेगळे, हरल्यावर लगेच पुन्हा खेळायचे असल्यास वेगळे, नाहीतर चार तास वाट बघा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बरे, कोंबडीही आपण निवडायची नाही. खेळाडूचे कार्ड बंद पेटीतून निघते, पेटीला नाणी लागतात आणि नाण्यांना खरे पैसे लागतात.

इतके करून भागले नाही. या हंगामात व्यवस्थापकांनी नियम काढला की, संघ लोक निवडतील. म्हणजे शुक्रवारी दुपारी बारा वाजता ज्या खेळाडूची कार्डं लोकांच्या खात्यांत जास्त असतील, ती त्या जागेवर रविवारी खेळणार. प्रशिक्षक बाईंनी विरोध केला. त्यांना सांगण्यात आले की पटत नसेल तर दार उघडे आहे. बाईंच्या घरी दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. त्या गप्प बसल्या. मी त्यांना दोष देत नाही. थोडा देते.

दुसरी गोलरक्षक वय २१, मागच्या वर्षी आली, उंच आहे म्हणून तिला शिडी म्हणतात. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. कपडे उलटे करून टोपलीत टाकते, खिशात गोळ्यांचे कागद ठेवत नाही. एवढे वळण बाकीच्या वीस जणींना नाही.

आजचा सामना साधा नव्हता. मोठ्या संघाचे दोन लोक गोलरक्षक निवडायला येणार होते. त्यांना एकच हवी होती. तीस पूर्ण झालेलीला ते घेत नाहीत, आणि माझी मुलगी चार महिन्यांनी तीस पूर्ण करते. म्हणजे तिच्यासाठी आजचा रविवार होता, पुढचा नव्हता. ही गोष्ट आमच्या घरात कोणी बोलून दाखवली नाही. ती सहा आठवडे पहाटे उठून दोरीवर उड्या मारत होती आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करत होते, त्यांच्याशी मी भांडत होते.

यानंतरचे जे सांगते ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही. मी तो गेम माझ्या फोनवर घेतला. खात्याचे नाव साबण चोवीस असे ठेवले. मुलीचे कार्ड जमवावे आणि तिची जागा राखावी असा माझा हेतू होता. मुलीने मला आधीच बजावले होते. ती म्हणाली होती, "आई, मला विकत घेऊन कोणी उभं करायचं नाही. मी माझ्या हातांवर उभी राहीन." मी हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पेटी उघडली.

सहा आठवड्यांत मी किती पेट्या उघडल्या ते आकडा सांगून मला लाज आणायची नाही. शिवणयंत्र विकले, एवढे लिहा. मुलीचे कार्ड सोनेरी आहे. सोनेरी कार्ड क्वचित निघते. का, तर तीच लोकांना सगळ्यांत जास्त आवडते. जे आवडते ते दडवून ठेवायचे, म्हणजे माणूस शोधत बसतो आणि पैसे घालत बसतो. शिडी नवीन, तिचे कार्ड साधे, ते रस्त्यावरच्या धुळीसारखे मिळते. म्हणजे जी लोकांना हवी तिचीच कार्डं कमी निघणार, आणि कार्डं कमी म्हणून तिलाच बसवणार. याला लोकांची निवड म्हणतात. मला मुलीची सहा कार्डं मिळाली. शिडीची मिळतच राहिली.

नको असलेले कार्ड खात्यातून काढून टाकायलाही नाणी लागतात. केर टाकायला पैसे मागणारे मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. मी एकही काढले नाही. तेवढ्या नाण्यांत आणखी पेट्या येतील, असा शहाणपणा केला. पडून राहिली तर राहू देत, खायला मागत नाहीत, असे मला वाटले.

शुक्रवारी दुपारी यादी लागली. शिडी ४११, मुलगी ३१८. यादी धुलाईच्या खोलीच्या दारावरच चिकटवली होती, दुसरी भिंत मिळाली नसावी. मुलीने ती वाचली. मग हातमोजे माझ्या टोपलीत टाकले आणि धुवायची घाई नाही म्हणाली. घरी आल्यावर ती जेवली, भांडी घासली आणि दिवा घालवून बसून राहिली.

आज दुपारी चारचा सामना होता. सगळ्यांचे कपडे मी दोनला पाठवले, गोलरक्षकाची एक नंबरची जर्सी पाठवली नाही. तिच्या दोन्ही कोपरांना मी आतून कापड लावले आहे, ते माझ्या मुलीच्या कोपरांच्या मापाचे आहे. विसरले नव्हते, मुद्दाम ठेवली. तीन वाजून वीस मिनिटांनी व्यवस्थापक स्वतः आले. ते म्हणाले की लोकांचा कौल आहे, मनाला लावून घेऊ नका. एवढे बोलून गेले असते तरी मी जर्सी दिली असती. पण त्यांची जीभ थांबली नाही. पुढे म्हणाले, "पुढच्या हंगामात घोरपडीला आपण ठेवू, मावशी. गोलामागे चेंडू उचलायला माणूस लागतोच." आणि हसले. मग जर्सी कुठे आहे विचारून वाळवणीच्या खोलीत गेले. तीन पंचवीसला मी कडी ओढली.

गरम हवेचा पंखा मी आधी बंद केला, हे नोंदवावे. त्यांना भाजायचा माझा विचार नव्हता. त्यांनी दार ठोठावले, शिव्या दिल्या, नंतर विनवले. मी बाहेर स्टुलावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. दार उघड असे ते म्हणाले तेव्हा मी म्हणाले, "दार फुकट आहे साहेब. उघडायचं वेगळं." दिवा लावण्याचे वेगळे आणि माझ्याशी बोलण्याचे वेगळे, असेही सांगितले. दिव्याचे बटण बाहेर आहे. पाणी मात्र मी दारातल्या झडपेच्या जाळीतून दिले व त्याचे काही मागितले नाही. मला बरे वाटत होते. सहा आठवड्यांत पहिल्यांदा बरे वाटत होते, हेही लिहा.

सामना वेळेवर सुरू झाला. शिडीला राखीव जर्सी दिली होती. व्यवस्थापक कुठे आहेत असे मध्यंतरापर्यंत एकानेही विचारले नाही, यावरून त्यांची गरज किती ते समजून घ्यावे.

मध्यंतर संपता संपता व्यवस्थापक जाळीशी आले. आवाज बसला होता. मघाशी मी म्हणाले होते की माझ्या पोरीच्या तोंडचा घास तुम्ही काढलात. त्यावर ते म्हणाले, "मी नाही काढला, मावशी. कार्डांची सगळी नोंद माझ्याकडे आहे. साबण चोवीस नावाचं कोणीतरी खातं आहे. त्या एकट्याकडे शिडीची एकशे अठरा कार्डं आहेत. तो नसता तर तुमची पोरगी आज गोलात असती. कोंडायचंच होतं तर त्याला कोंडायचं."

मी आकडेमोड केली. शाळा सातवीपर्यंतच झाली आहे, पण वजाबाकी येते. एकशे अठरा काढली तर शिडी २९३. माझी सहा काढली तरी मुलगी ३१२. मी फोनला हात लावला नसता तर ती खेळली असती. केर टाकायचे पैसे भरले असते तरीही खेळली असती. त्या वेळी काय वाटले, असे मला विचारले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे माझी आई म्हणत असे. तो दांडा मी.

बरोबर पाच वाजता मी कडी काढली. व्यवस्थापक धावत बाहेर गेले. मी त्यांना हात लावलेला नाही. साबण चोवीस कोण, हे त्यांना अजून माहीत नाही.

सामना आपण एक-शून्य जिंकला. शिडीने शेवटच्या दहा मिनिटांत दोन चेंडू अडवले आणि चांगले अडवले, खोटे बोलणार नाही. मोठ्या संघाच्या लोकांनी तिचा फोन नंबर घेतला. माझी मुलगी राखीव बाकावर होती व टाळ्या वाजवत होती, असे मला प्रशिक्षक बाईंनी सांगितले.

जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी मला सांगितले की, तक्रार कोंडण्याची आहे, गेमच्या खात्याचा मजकूर तिला लागत नाही, हवा तर वगळता येईल. मुलगी मला न्यायला आली असून बाहेर बाकावर बसली आहे, हेही त्यांनीच सांगितले. मी वगळू नका म्हणाले. चष्मा धुलाईच्या खोलीत राहिल्याने मला वाचता येत नव्हते, म्हणून मुलीला आत बोलवावे व जबाब तिच्याकडून वाचून घ्यावा, अशी विनंती मी केली.

त्याप्रमाणे मुलीने जबाब पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. तिला खुर्ची दिली होती, ती तिने घेतली नाही. साबण चोवीस येथे ती थांबली, नंतर पुढे शेवटपर्यंत वाचले. मजकूर मी सांगितला तसाच आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. सही कुठे करायची ते मला दिसत नव्हते. मुलीने माझे बोट धरून त्या जागेवर ठेवले.