दार नंतर बसवू

...आणि वर नवरा मलाच विचारतो, "विनी, तुला दार हवंय कशाला? मैलभर माणूस नाही इथं. बघणार कोण?"

मैलभर माणूस नाही म्हणे! तुम्हाला सांगते, ज्या गावात मैलभर माणूस नसतो ना, तिथं जो काही असतो तो तुमच्याच घरात असतो. पोर्टलंडला आमच्या इमारतीत साठ बिऱ्हाडं होती, चार वर्षांत कुणी आमच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. आणि इथं? इथं ठोठवायची पद्धतच नाही. सरळ आत यायचं, बुटांवरचा बर्फ आपटून झाडायचा, आणि मग ओरडायचं, "आहे का कुणी घरात?" आधी आत, मग प्रश्न! आणि मी कशी आहे ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगून ठेवते. मी दचकते. टोस्टरमधून पाव वर उडाला तरी दचकते, तोही मीच लावलेला टोस्टर, मीच टाकलेला पाव, समोर उभी राहून वाट बघतेय, तरी दचकते. कॉलेजात मैत्रिणी माझ्या मागून येताना गाणं म्हणत यायच्या. म्हणजे बघा.

म्हणून एमरीनं, माझ्या नवऱ्यानं, जेव्हा ठरवलं की आपण उत्तरेला जंगलात जागा घ्यायची आणि आपल्या चार हातांनी घर बांधायचं, तेव्हा मी म्हटलं, बांधू या. थंडी चालेल. काळ्या माश्या चालतील. अस्वलसुद्धा चालेल, पण लांबून. माझी अट एकच. न्हाणीघराला दार पाहिजे आणि दाराला आतून कडी पाहिजे. दुसरं काही मागितलं? नाही. तो म्हणाला, "एवढंच? अगं, दार काय, नंतर बसवू."

तेव्हाच कान टवकारायला हवे होते माझे.

त्या उन्हाळ्यात आम्ही चाकांवरच्या डब्यात राहत होतो, तळघराचा खड्डा चालला होता, आणि गावची जुनी शाळा पाडायला काढली. तिथल्या वस्तू विकायला मांडल्या होत्या. फळे, बाकं, घंटा... आणि एक दार. मास्तरीणबाईंच्या खोलीचं. ओकचं, जडशीळ, पितळी मूठ, आतून ही अशी करंगळीएवढी जाड कडी, आणि बाहेरच्या बाजूला शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी काळ्या रंगानं वळणदार अक्षरांत रंगवलेलं: कृपया ठोठवा. अहो, मी रडले. माणसं बाळाला बघून रडतात, मी दाराला बघून रडले. आम्ही दोघांनी ते घरी आणलं आणि डब्यात आमच्या पलंगाखाली सरकवलं, आणि पूर्ण उन्हाळा मी त्या दारावर झोपले. लग्नात अंगठी घेतली तेव्हाही इतकी शांत झोप लागली नव्हती.

सप्टेंबरात घराचा सांगाडा उभा करायचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी सगळा गाव येतो, भिंती ओढून उभ्या करतो, आढं चढलं की त्याच्या टोकाला झाडाची हिरवी फांदी ठोकतो आणि मग जेवतो. आमचा शेजारी लेलँड, सत्त्याहत्तर वर्षांचा, हाडं म्हणजे कुंपणाचे खांब, त्यानं आदल्या दिवशीच खड्ड्यात निखारे घालून घेवड्याचं पातेलं पुरून ठेवलं होतं. सगळं झकास. आणि जेवायची वेळ झाली, मी पाव घेऊन बाहेर आले, तर तीस माणसं टेबलाभोवती. मी म्हटलं, आपल्याकडे टेबल कुठून आलं? बघते तर सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर माझं दार! आडवं! "कृपया"वर लोणचं, "ठोठवा"वर लेलँडचं ते उकळतं पातेलं. मी एमरीकडे बघितलं. तो म्हणाला, "अगं, तीस माणसांना जेवायला काहीतरी नको का? दार काय, नंतर बसवू."

बरं, माणसं आपल्यासाठी राबलेली, त्यांच्यासमोर काय बोलणार. मी गिळलं. आणि त्या संध्याकाळी एमरीनं मला नव्या सांगाड्यात नेलं, उभ्या दांड्यांपैकी एकापाशी थांबवलं, कानामागची सुताराची पेन्सिल काढली आणि दांड्यावर लिहिलं: इथं दार. माझा शब्द. एमरी. खाली तारीख. मी विरघळले. मी अशीच आहे, लिहिलेल्यावर विश्वास ठेवते. चार वर्षं इतिहास शिकले ना, कागदपत्र दिसलं की संपलं.

दार मात्र पलंगाखाली परत आलं नाही. ओल लागून वाकडं होईल म्हणे, लेलँडच्या कोठारात ताडपत्रीत गुंडाळून ठेवू या. ठेवलं. आणि नोव्हेंबरात छप्पर झालं, तशी आम्ही घरात राहायला गेलो. घरात म्हणजे काय, तर बाहेरून घर. आतून नुसते उभे दांडे. तुम्ही स्वयंपाकघरात उभे राहिलात तर बैठकीतून, झोपायच्या खोलीतून, न्हाणीघरातून आरपार त्या टोकाची खिडकी दिसायची, आणि मध्ये जे कुणी असेल ते. एमरीनं न्हाणीघराला चादर लावली. चादर! एकदा मी टबात, डोळ्यांवर साबण, आणि कानाजवळ आवाज, "हलू नकोस पोरी, मी फक्त माप घेतोय." लेलँड! दोन दांड्यांच्या मधून, हातात टेप. मी अशी किंचाळले, की पलीकडच्या ओढ्यावरचे हंस उडाले. तो बिचारा टेप तिथंच टाकून गेला आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारतो, बरं वाटतंय ना आता? मी एमरीला म्हटलं, दार. तो म्हणाला, आधी भिंती तरी होऊ देत, हवेत दार बसवू का? दार काय, नंतर बसवू.

मान्य. हवेत दार बसत नाही. मी थांबले.

वसंतात चिखल झाला आणि रस्ता बंद, थांबले. उन्हाळ्यात विहिरीचा पंप, थांबले. शेवटी दांड्यांवर प्लास्टरचे पांढरे बोर्ड ठोकून भिंती झाल्या, आणि मी म्हटलं, आता? तो म्हणाला, आता कशाला, आधी लाकडं फोडायला हवीत. मी म्हटलं, तू लिहून दिलंयस! आणि त्याला हाताला धरून घेऊन गेले, दाखवायला. तर काय? पांढरी भिंत. त्यानं शब्द दिला, त्या शब्दावर बोर्ड ठोकला, आणि वरून रंगाचे दोन हात मारले. माझा पुरावा भिंतीत चिणला हो! स्वतःच्या हातानं! "आत आहेच की ते," म्हणाला, "जातंय कुठं?"

आता मला सांगा, मी काय करत होते या सगळ्यात? मी दर शुक्रवारी लेलँडकडे सफरचंदाचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन जात होते. दाराचं भाडं म्हणून. आणि दर शुक्रवारी विचारत होते, "लेलँड, माझं दार कसं आहे?" आणि तो माझ्या पायचा घास तोंडात ठेवून, डोळ्यांत डोळे घालून सांगायचा, "मजेत आहे, पोरी." सोळा महिने. सोळा महिन्यांचे पाय मोजा.

आणि गेल्या आठवड्यात मंगळवारी मी टपालघरात गेले. खिडकीमागे व्हर्ना असते, आमच्या गावात जे टपालानं येत नाही तेही तिच्याकडे येतं. ती तिकिटं फाडता फाडता म्हणाली, "तुझ्या दाराची मूठ काय चकाकते गं. उन्हात तर इथून दिसते."

इथून. टपालघरातून. टपालघराची खिडकी उघडते कुठं? तळ्यावर!

मी खिडकीतून बघितलं. आता बघा, जानेवारीत तळं दगड झालं की आमचे सगळे पुरुष त्यावर मासे धरायच्या खोपट्या ओढून नेतात. फळ्यांची खोली, बर्फात भोक, भोकात गळ, आणि मार्चपर्यंत घरी कुणी सापडत नाही. सतराअठरा खोपट्या होत्या. सगळ्यांना पत्र्याची नाहीतर प्लायवुडची दारं. आणि एकीला... ओकचं. पितळ चमचमतंय. मी व्हर्नाला विचारलं, ती कुणाची? ती म्हणाली, "अगं, एमरीची आणि लेलँडची. तीन दिवसांत उभी केली पोरांनी. शेगडी आहे, दोन खुर्च्या आहेत, कपाट आहे. तुला नाही दाखवली?" सगळ्या गावाला माहीत होतं. सगळा गाव माझ्या दारावर जेवलेला, आणि सगळ्या गावाला माहीत होतं!

मी त्या तळ्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बर्फ करकरतो ना, खाली कुणी दात खातंय असा. पण त्या दिवशी मी निघाले ती सरळ. करकरू दे. फुटला तर फुटला, निदान बुडताना कुणी माप घ्यायला येणार नाही. आमचा कुत्रा खोपटीबाहेर बसला होता. मला बघून त्यानं मान फिरवली. कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

"कृपया ठोठवा." मी ठोठवलं नाही. सरळ आत. दोघं खुर्च्यांवर, मध्ये भोक, हातात कॉफी. एमरी उठून उभा राहिला, कपाळापासून मानेपर्यंत लाल.

"अगं, बाहेर ओल होती," म्हणाला, "म्हणून दार आत घेतलं."

"कशाच्या आत?"

मी काही ओरडले नाही. खूप तयारी केली होती येताना, सगळं आठवलं होतं, आडवं दार, पातेलं, पेन्सिल, बोर्ड. तोंडातून एवढंच निघालं, "तू मला लिहून दिलं होतंस, एमरी." आणि मला रडू आलं. तो कॉफीचा कप कुठं ठेवावा ते न कळून हातातच धरून उभा राहिला. लेलँड भोकाकडे बघत बसला, जणू त्या भोकात त्याचं कुणी पडलंय.

मग मी त्या दोघांना बाहेर काढलं आणि कडी लावली. खट्ट. तुम्हाला सांगते, चौदा महिन्यांनी मी बंद दाराच्या आत एकटी होते. शेगडी तापलेली. बाहेर वारा. मी खुर्चीवर बसले आणि दचकायला काहीच नव्हतं. मी वाट बघितली, पण नाहीच.

आणि मग... टक. टक. हलकेच. दोन बोटांनी.

मला कळेना हे काय. मी विचारलं, "कोण?" आयुष्यात पहिल्यांदा मला विचारायची संधी मिळाली. बाहेरून लेलँडची कुजबूज, "मी आहे, पोरी. आत येऊ का?" मी कडी काढली. हा तोच लेलँड, टेपवाला! मी म्हटलं, "लेलँड, माझ्या घरात तुम्ही दोन हिवाळे ठोठवलं नाहीत. इथं कसं ठोठवता?" तो चकित. म्हणजे माझ्याच अकलेवर चकित. टोपी काढून हळू आवाजात म्हणाला, "अगं, खोपटीत कुणी असं धाडकन शिरतं का? मासे दचकतात."

मासे दचकतात.

सगळ्या तळ्यावर हीच रीत आहे म्हणे, त्याच्या आजोबांपासून. पायांचा आवाज करायचा नाही, ओरडायचं नाही, दोन बोटांनी ठोठवायचं आणि थांबायचं. माशांसाठी! मला चौदा महिने... जाऊ दे.

एमरी हातात पेचकस घेऊन आला. डोळे खाली. म्हणाला, "आत्ता काढतो. आत्ताच्या आत्ता घरी नेऊन बसवतो, विनी." आणि खरंच पहिला स्क्रू फिरवायला लागला. हेच शब्द ऐकायला मी दीड वर्ष थांबले होते. आणि मीच त्याचा हात धरला. कारण मला दिसलं ना सगळं. दार घरी येणार, त्यावर लिहिलेलं असणार, आणि लेलँड ते ढकलून आत येणार. कडी लावली तर खिडकीतून विचारणार, बरं वाटतंय ना. ठोठवणं दारात नव्हतंच हो कधी. ते भोकातल्या माशांत होतं.

म्हणून मी भोकात गळ टाकला. वीस मिनिटांत लागला, हातभर लांब ट्राउट, चांगला धडधाकट. बादलीत घातला, घरी आणला आणि न्हाणीघरातल्या टबात सोडला, विहिरीच्या गार पाण्यात. बाहेर चादरीवर चिठ्ठी लावली: आत मासा आहे.

काय सांगू तुम्हाला! बुधवारी व्हर्ना पार्सल घेऊन आली, बूट बाहेर काढले, आणि चादरीशेजारच्या भिंतीवर दोन बोटांनी टकटक. लेलँड आला, टकटक, कुजबुजत विचारलं, चालेल का. एमरीसुद्धा, माझा नवरा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या शब्दावर ठोकलेल्या बोर्डावर टकटक करतो आणि उत्तराची वाट बघतो. मी टबाच्या काठावर पुस्तक घेऊन निवांत बसते. मासा आणि मी, दोघंही आता दचकत नाही.

फक्त आठ दिवस झाले, अंघोळ नाही.

एमरीला विचारलं, टबाचं काय करायचं? तो म्हणाला, माशासाठी परसात तळं खणू की. पण आत्ता जमीन गोठलीये.

नंतर खणू.