उजव्या बाजूचं हृदय

— नाही नाही, ती खुर्ची नको बाई, तिचा एक पाय गेलाय. या गठ्ठ्यावर बसा. बसा हो, पुस्तकंच आहेत, त्यांना काय होतंय! हां, तर एक ओळ. एक ओळ लिहून द्या म्हणता — पान तेवीसवर आमचं चुकलंय, मुलीचं उत्तर बरोबर आहे — आणि खाली सही. तुम्ही वर्गाच्या बाई, तुम्हाला एक ओळ म्हणजे काहीच वाटत नाही. पण प्रकाशकाची एक ओळ म्हणजे — जाऊ द्या. आधी त्या पानावरचं चित्र कसं झालं ते ऐका. मूळ पुस्तक डावीकडून उजवीकडे जाणारं, आपली उर्दू उजवीकडून डावीकडे. नुसता मजकूर बदलला तर आधी बेडूक, मग शेपटीवालं पिल्लू आणि शेवटी अंडं! मग मीच तोड काढली — सबंध पानच आरशातल्यासारखं फिरवायचं आणि वर उर्दू बसवायची. एका दुपारी अख्खं विज्ञान उर्दूत आलं बाई. आता त्यात त्या चित्रातल्या मुलाचं हृदय छातीच्या उजवीकडे गेलं, तर गेलं. माणसं सगळी डावखुरी झाली, त्याची कोणी तक्रार केली? घड्याळ उलटं फिरायला लागलं होतं, ते मात्र मी जातीने दुरुस्त करून घेतलं — मुखपृष्ठावर होतं ना ते.

मजकुरातही उजवीकडेच आहे? आहे ना. ते आमच्या शायरसाहेबांचं काम, भाषांतर तेच करतात. विज्ञानाशी त्यांचा संबंध म्हणाल तर त्यांना दमा आहे. पण काय भाषा! सफरचंद पडतं तो धडा वाचून माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं — ते का पडतं हे तिला अजून माहीत नाही, पण पडल्याचं वाईट फार वाटलं. आणि आम्ही कष्ट काय कमी घेतले? ऑक्सिजनला कोणता शब्द वापरायचा यावर सात महिने बैठका चालल्या, शेवटी तो परिच्छेदच काढून टाकला. मुलांना किती सोपं झालं! तर शायरसाहेबांनी आधी 'डावीकडे' असंच लिहिलं होतं. चित्र म्हणतंय उजवीकडे. चित्र नव्याने काढायला महिना, आणि प्रकाशन समारंभ आठवड्यावर. शब्द बदलायला कितीसा वेळ लागतो? बदलला त्यांनी. वर म्हणाले, हृदय कुठेही असलं तरी दुखायचं तेवढंच दुखतं.

म्हणजे छापायच्या आधी कळलं होतं, असं नाही हो — म्हणजे, आमच्याकडे छपाईची पानं लावायला एक बाई होती, तिला कळलं होतं. होती म्हणजे होती. काढलं-बिढलं नाही. मी एवढंच म्हटलं, तुझी नजर फार बारीक आहे, या कामाला एवढी लागत नाही. तीनदा आली, तुम्ही बसलाय ना तिथेच उभी राहिली. तिसऱ्यांदा म्हणाली, "साहेब, मुलं हे खरं मानतील." मुलांनी खरं मानावं म्हणूनच छापतो ना आपण? आणि तपासणी झाली नाही असं तर बोलूच नका. माझ्या जावयाने तपासलंय, दातांचा डॉक्टर आहे. त्याने दात बघितले, दात अगदी जागच्या जागी आहेत.

बरं, त्या मुलीचं म्हणाल तर तिला काय झालं होतं सरळ 'उजवीकडे' लिहायला? अख्ख्या वर्गाने लिहिलं. उत्तरसूचीत तेच आहे, उत्तरसूची आम्हीच पुरवली. एका गुणाने शिष्यवृत्ती गेली म्हणता — गेलीच तर! काय म्हणाली ती? हात लावून बघितलं? परीक्षा चालू असताना, स्वतःच्या छातीला हात लावून? बाई, ही कॉपी झाली. हसू नका. हसत नाही आहात का? बरं. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर पुढची शाळा नाही, हे मला समजत नाही असं नाही. मलाही नातवंडं आहेत — इंग्रजी शाळेत आहेत, ते सोडा.

कोणाची मुलगी म्हणालात?

असं. जी पानं लावायची, तिची. तरीच.

हे बघा बाई, ओळ देता येणार नाही. आपल्या भाषेत विज्ञान आणलं म्हणून पुढच्या महिन्यात मला मानपत्र देतायत. एक ओळ दिली की समिती विचारणार, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं का? मग त्या बाईचं नाव निघणार, ती तीनदा आली ते निघणार. तुम्हाला वाटत असेल, या माणसाला काही लाजलज्जा नाही. आहे. ती डबा उचलून गेली त्या दिवशी मला लाज वाटली होती. आणि त्या पोरीचंही मला वाईट वाटतंय — अगदी छातीवर हात ठेवून सांगतो, हे बघा, हा ठेवला, की मनापासून —

काय झालं? काय बघताय?

हात? हात कुठे — 

आपोआप जातो हो तो तिकडे.

उठा बाई त्या गठ्ठ्यावरून. पुस्तकं चुरगळतात.