पहिले शाळा देखा, मंग घर!

नाही, तुम्हीच सांगा, घर बघायला गेलेला माणूस आधी काय बघतो? नळाला पाणी आहे का, भिंतीला ओल आहे का, बरोबर ना? आमच्याकडे नाही! आमच्याकडे बायको रिक्षातून उतरायच्या आधीच विचारते, "शाळा कोठे शे?" अहो, घर बघायला आलोय आपण, घर! तर म्हणे, "पहिले शाळा देखा, मंग घर!"

आता तुम्हाला सांगतो, मी नवनीत पाटील, मूळ रनाळ्याचा, पाटबंधारे खात्यात क्लार्क. एप्रिलात बदली झाली, नंदुरबारहून शहाद्याला. बदलीचं दुःख नाही हो, दुःख या शोधाचं! आमची चेतना आता तिसरीत जाणार. नंदुरबारला दोन वर्षं इंग्रजी शाळेत होती. शिकली काय? एक वाक्य! "मे आय गो टू टॉयलेट, मॅडम?" घरीसुद्धा आईला तेच विचारायची! बाकी वर्गात तोंड मिटून बसायची, कारण पोरगी बोलते अहिराणी, आणि तिथे अहिराणीचा एक शब्द निघाला की बाकावर उभं! शेवटी शेवटी तर घरीही बोलेना... तेव्हा बायकोने, शीलाने ठरवलं, जिल्हा परिषदेचीच शाळा, पण चांगली! गावाहून वडिलांचा, आप्पांचा फोन, "आरे, आम्हनी शाळा निंबना झाडखाले भरे, काय बिघडनं आम्हनं?" शीलाने फोन माझ्या हातात दिला.

तर पहिलं घर मदनलालशेठचं. गावाबाहेरची नवी कॉलनी. काय घर होतं! शेठ दारातच, "आओ नवनीतभाऊ! चोबीस घंटे पाणी, ऊपर टेरेस, सामने गार्डन होणार, और क्या पाहिजे?" मी तर मनातल्या मनात टेरेसवर खाट टाकूनही बसलो! आणि ही? उंबरा ओलांडला नाही हो! "शेठजी, शाळा?" गेलो शाळेत. एक खोली, पाच वर्ग, एक गुरुजी! दुसरे कुठे? मतदार यादीच्या कामाला! गुरुजी बिचारे पहिलीला पाटीवर 'ग' काढून देत होते आणि तोंडाने पाचवीला अपूर्णांक सांगत होते. मी विचारलं, "गुरुजी, मुलीला इथे टाकावं म्हणतो..." त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हळूच म्हणाले, "भाऊ, खरं सांगू? नका टाकू!" आता असा प्रामाणिक माणूस भेटल्यावर काय करायचं? टेरेस गेलं!

मग आणखी तीन कॉलन्या. रिक्षावालासुद्धा शिकला, मला विचारायचंच सोडलं त्याने, हिच्याकडे वळून म्हणायचा, "ताई, पहिले शाळा ना?"

आणि मग सापडली! गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन खोल्याच, पण भिंतीभर पोरांची चित्रं, आणि वसावे मॅडम. मॅडमनी चेतनाला नाव विचारलं. गप्प. कितवीत आहेस? गप्प. मॅडम खाली बसल्या, तिच्या बरोबरीने, आणि चक्क अहिराणीत म्हणाल्या, "तुन्ही माय सकायमा काय करस खावाले?" पोरीने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि... "कयनानी भाकर! अन् ठेचा! मी नई खात ठेचा, तिखा लागस!" अहो, कळण्याच्या भाकरीवर दहा मिनिटं बोलत होती! मॅडमनी फळ्यावर लिहिलं 'भाकर', 'ठेचा', आणि आमच्या पोरीने वाचलं हो! स्वतःचा ठेचा स्वतः वाचला! शीलाने पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, झालं, आता घर!

घर? कुठलं घर? सगळे आमच्यासारखेच, शाळा बघून आलेले! एक खोलीही रिकामी नाही! शेवटी मिळालं ते पिठाच्या गिरणीच्या वर. खाली गिरणी सुरू झाली की वर चहाचा कप बशीत चालायला लागतो! कपाट आपोआप उघडतं! ऑफिसात साहेब म्हणतात, "पाटील, पावडर जरा कमी लावत जा!" मी हिला म्हटलं, "शीला, हे घर हलतं गं..." तर म्हणे, "शाळा तं नई ना हालत!"

हलली हो, शाळाच हलली! जूनमध्ये शाळा उघडली, आणि पहिल्याच आठवड्यात बदल्यांची यादी आली. वसावे मॅडम थेट सातपुड्यात, धडगावकडे! शाळेतले दुसरे सर होते, तेही गेले! मॅडम निघताना रडल्या, पोरं रडली, चेतनाने तर मॅडमची पिशवीच धरून ठेवली, सोडेचना... मी गेलो पंचायत समितीत. तिथले साहेब म्हणाले, "पद रिक्त आहे, भरू." म्हटलं, कधी? "अर्ज ठेवून जा." ठेवला! मग दुसऱ्या आठवड्यात दुसरा ठेवला!

आता शाळेत नवीन आलेल्या एकट्या बाई, पाच वर्ग. म्हणून पालकांची सभा भरली. कोणी म्हणे मोर्चा काढा, कोणी म्हणे कुलूप लावा. बाई म्हणाल्या, "कुलूप लावाल तर पोरांनी जायचं कुठे? मला कोणीतरी एक दिवस तरी मदतीला द्या." सगळे चपला शोधायला लागले. आणि माझी बायको उभी राहिली! "आम्हना ह्यासले शनिवारनी सुट्टी ऱ्हास!" टाळ्या! अहो, मला कोणी विचारलंच नाही, आणि टाळ्या!

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी साडेसातला मी तिसरी-चौथीला गणित शिकवतो. मी! ज्याचा भागाकार ऑफिसात कॅल्क्युलेटर करतो! हातचा घ्यायचा तर मी बोटं मोजतो, आणि पोरं माझी बोटं मोजतात!

परवा शीलाने चेतनाला जवळ घेतलं, म्हणाली, "बेटा, खरं सांग, कशी शे शाळा?" मी दाराआड कान लावून उभा.

पोरगी म्हणते, "चांगली शे मम्मी... फक्त त्या शनिवारवाला सरनी बदली कराले सांग."