नणंदेची घाई

सांगलीत मेंदूच्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होतो. शेजारी पलूसच्या दोघी बोलत होत्या. ऐकू नये हे कळत होतं, तरी ऐकलं.

"चंदनबाला, जिनदत्ताला काय झालंय, कळलं का?"

"व्हय अंबूमावशी. प्रायॉनचा रोग म्हणत्यात. दहा लाखांत एकाला. दोन महिन्यांत मेंदू पार गेला, आता मलाबी, सवताच्या बायकोला, वळखत न्हाईत."

"औषध?"

"न्हाई. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, थोडेच दिवस हायत."

"आन् तुजी नणंद?"

"तिनं मोबाइलवर वाचलं, गाईचं मांस खाल्लं की ह्यो रोग हुतो. म्हणाली, जैनाच्या घरात कसा आला? दादा द्राक्षं घेऊन गोव्याला जायचा, तितं काय खाल्लं? पंधरा दिवस भावाजवळ आली न्हाई."

"अगं बया! मग?"

"बाईंनी तिला बोलावून तासभर समजावलं. एमआरआय दाखवला, पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट दाखवला. म्हणाल्या, ह्यांचा आपोआप झालेला हाय, खाण्यानं न्हाई."

"लय मोठी बाई गं. नणंद काय म्हणाली?"

"वर वॉर्डात बसलीया, जैनाच्या नेमानं दिवस मावळायच्या आत दादाला पेज भरवायची म्हणून."